जर्मनीची शिष्यवृत्ती: भाषेची अट नेमकी कुणाची आणि कधीची?

‘जर्मनीला स्कॉलरशिपवर जायचं तर जर्मनची कुठली लेव्हल लागते?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी ‘बी२’ (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी) असं एका शब्दात उत्तर दिलं, तर ते अर्धवट समजावं. भाषेची अट एकच कधी नसते. पैसे देणाऱ्या संस्थेची एक अट असते, प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाची दुसरी, आणि दोन्ही पूर्ण करायच्या तारखा वेगळ्या असतात. बऱ्याच जणांचे अर्ज कच्च्या जर्मनमुळे बाद होत नाहीत. या दोन अटींची सरमिसळ झालेली असते किंवा प्रमाणपत्र वेळेत हातात आलेलं नसतं, म्हणून ते अडकतात.

उदाहरणासाठी डीएएडीचा (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) एपॉस हा कार्यक्रम घेऊ. विकसनशील देशांतल्या अनुभवी पदवीधरांसाठी तो आहे आणि भारतीयांना अर्ज करता येतो. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवी साधारणपणे सहा वर्षांहून जुनी चालत नाही. यातले बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, काही जर्मनमध्ये. जर्मनमधल्या अभ्यासक्रमाला अर्ज करताना किमान बी१ दाखवावी लागते. मात्र वर्ग सुरू होण्याआधी डीएसएच-२ (जर्मन विद्यापीठांच्या भाषापरीक्षेची दुसरी पातळी) किंवा टेस्टडाफची (विद्यापीठप्रवेशासाठीची जर्मनची प्रमाणित परीक्षा) चौथी श्रेणी हातात हवी. म्हणजे एकाच अभ्यासक्रमाला दोन उंबरठे आहेत: अर्जाच्या दिवशी एक, सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी दुसरा.

मधलं अंतर भरून काढायला डीएएडी निवडलेल्या उमेदवारांना जर्मनीत भाषावर्ग देते. गरजेप्रमाणे तो दोन, चार किंवा सहा महिन्यांचा असतो. आता हिशोब करून बघा. बी१ला पोचायला गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या अंदाजाप्रमाणे पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. टेस्टडाफची तयारी व्हायला ७०० ते १००० तासिका धरतात. सहा महिने, आठवड्याला २५ तासिका धरल्या तर ६००च्या आसपास होतात. बी१ पक्की असेल तर हे जमतं. पण जेमतेम ६० गुण मिळवून घासून पास झालेली बी१ घेऊन गेलात, तर पहिले दोन महिने जुनी उजळणी करण्यात जातात आणि डीएसएचची तारीख डोक्यावर येते. म्हणून कागदावर बी१ मागितली असली तरी निघण्याआधी बी२चा निम्मा अभ्यास इथेच उरकावा, असं माझं ठाम मत आहे.

राजकीय पक्षांशी जवळीक असलेल्या प्रतिष्ठानांचं गणित याहून वेगळं. हाइनरिश ब्योल (हरित पक्ष), कोनराड आडेनाउअर (सीडीयू) आणि फ्रीडरिश एबर्ट (एसपीडी) ही त्यातली मोठी नावं. तिथे परदेशी विद्यार्थ्याला साधारण बी२ दाखवावी लागते, आणि ती अर्ज करतानाच. इथेच लोक फसतात. ‘माझा मास्टर्सचा कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?’ असं म्हणून ते अट वाचतच नाहीत. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी या प्रतिष्ठानांना जर्मन हवंच असतं. त्यांचे शिष्यवृत्तीधारक चर्चासत्रांना आणि शिबिरांना येतात, आणि ती जर्मनमध्ये चालतात. मुलाखतही साधारणपणे जर्मनमध्येच होते. मार्कांबरोबर तुमचं सामाजिक काम बघितलं जातं. तेव्हा एनएसएसमध्ये काय केलंत, गावच्या वाचनालयासाठी काय केलंत, ग्रामसभेत कुठला मुद्दा मांडलात, हे सगळं जर्मनमध्ये सांगता यायला हवं. क्लासच्या पुस्तकात हा शब्दसंग्रह सहसा सापडत नाही. स्वतःच्या कामावर दोन पानं जर्मनमध्ये लिहा, शिक्षकांकडून तपासून घ्या, आणि त्यावर कुणाला तरी उलटसुलट प्रश्न विचारायला सांगा. एबर्ट प्रतिष्ठानाकडे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याने साधारणपणे जर्मनीत प्रवेश घेतल्यावरच अर्ज करायचा असतो. तेव्हा भारतात बसून तो भरण्यात वेळ घालवू नका.

डॉइचलांडश्टिपेंडियम ही महिना ३०० युरोंची मदत आहे. निम्मे पैसे जर्मनीच्या केंद्र सरकारचे, निम्मे खासगी देणगीदाराचे. अर्ज विद्यापीठाकडे करायचा असल्याने भाषेचे नियम तिथले. अर्जाचा नमुना आणि सूचना बऱ्याच ठिकाणी फक्त जर्मनमध्ये असतात, एवढं लक्षात ठेवा. याउलट डीएएडीची ‘वाइज’ ही इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी इंटर्नशिप घ्या. तिथे जर्मनची अट नाही. काम प्रयोगशाळेत, इंग्रजीत चालतं.

आता परीक्षांकडे येऊ. गोएथे-प्रमाणपत्र म्हणजे आपल्याकडे पुणे-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात देता येणारी परीक्षा. बी१, बी२ आणि २०२४पासून सी१ हीसुद्धा चार मॉड्यूलमध्ये विभागलेली आहे: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकाला १००पैकी ६० लागतात. श्रवणात ५४ मिळाले तर फक्त श्रवणाची परीक्षा पुन्हा द्यायची, बाकीच्या तिन्हींचे गुण कायम राहतात. हा मोठा आधार आहे, पण शिष्यवृत्तीला आणि विद्यापीठाला चारही मॉड्यूल लागतात, तीनवर भागत नाही. बी२च्या लेखनात ७५ मिनिटांत दोन मजकूर लिहायचे असतात, एक सुमारे १५० शब्दांचं मत आणि एक सुमारे १०० शब्दांचा औपचारिक संदेश. दुसऱ्यात बहुतेकांचा सूर बिघडतो. वरिष्ठांना लिहिताना ‘डू’ (म्हणजे ‘तू’) वापरणं, माफी मागताना आज्ञार्थ वापरणं असल्या चुकांना व्याकरण बरोबर असलं तरी गुण कापले जातात.

बी२ झाली म्हणजे जर्मन माध्यमाच्या पदवी किंवा मास्टर्सला प्रवेश मिळेल असं नाही. तिथे सहसा सी१च्या जवळपासची पातळी लागते: डीएसएच-२, किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत चौथी श्रेणी, किंवा टेल्क सी१ होखशूल (टेल्क संस्थेची विद्यापीठांसाठीची परीक्षा). गोएथे सी१ अनेक विद्यापीठांत चालतं, पण सगळीकडे चालेल असं गृहीत धरू नका. त्या त्या विभागाचं पान उघडून बघा. डीएसएच विद्यापीठं स्वतः घेतात, आणि ती जवळपास सगळी जर्मनीतच होते. आधी लेखी, मग तोंडी. लेखी आणि तोंडी दोन्हींत किमान ५७ टक्के मिळाले की डीएसएच-१, ६७ला डीएसएच-२, ८२ला डीएसएच-३. भारतातून जाणाऱ्याने टेस्टडाफ आधी द्यावी, कारण निकाल खिशात ठेवून विमानात बसता येतं. तिच्या प्रमाणपत्राला मुदतही नाही. मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था अनेकदा दोन वर्षांच्या आतलं प्रमाणपत्र मागतात. तिथे ‘आजन्म वैध’ हा मुद्दा चालत नाही.

डिजिटल टेस्टडाफ कशी असते ते नीट समजून घ्या, कारण जर्मन चांगलं येणारी मुलंही इथे गडबडतात. वाचन ५५ मिनिटं, श्रवण ४०, लेखन ६० आणि बोलणं ३५. सगळं संगणकावर. बोलण्याच्या भागात समोर परीक्षक नसतोच. हेडफोन लावायचा, पडद्यावरची सूचना वाचायची, घड्याळ संपलं की माइकमध्ये बोलायचं, असे सात प्रश्न. त्याच खोलीत शेजारचे उमेदवारही आपापल्या माइकमध्ये मोठ्याने बोलत असतात. मान डोलावणारं कुणी नसल्यामुळे काही जण वीस सेकंदांत उत्तर संपवतात आणि उरलेला वेळ गप्प बसतात. तपासणारा नंतर फक्त ध्वनिमुद्रण ऐकतो, त्याला त्या शांततेत काहीच सापडत नाही. यावर उपाय साधा आहे. घरी मोबाइलवर घड्याळ लावून रेकॉर्ड करा, तेही टीव्ही चालू असलेल्या खोलीत. लेखनात दोन कामं असतात: एक किमान २०० शब्दांचा युक्तिवाद, आणि एक उतारा व आलेख यांचा १०० ते १५० शब्दांतला सारांश. दोन्हींना तीस-तीस मिनिटं. सारांशात स्वतःचं मत घालणं आणि उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलणं, या दोन गोष्टींनी श्रेणी चारवरून तीनवर येते.

एखादा भाग तीनवर राहिला आणि दुसरा पाचवर गेला तर? काही विद्यापीठं चारही भागांची बेरीज १६ झाली तरी घेतात, काही प्रत्येक भागात चारच मागतात. हे लेखी विचारून घ्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

डीएएडीच्या काही योजनांना, विशेषतः उन्हाळी भाषावर्गांच्या शिष्यवृत्तीला, ऑनसेट नावाची छोटी चाचणीही चालते. आठ उतारे, प्रत्येकात वीस गाळलेल्या जागा, प्रत्येकाला पाच मिनिटं. गाळलेली जागा म्हणजे अख्खा शब्द नव्हे. ठरावीक शब्दांचा मागचा अर्धा भाग कापलेला असतो. ‘गुटे’, ‘गुटेन’, ‘गुटर’, ‘गुटेस’ या ‘चांगला’च्या रूपांतलं नेमकं कोणतं, हे तिथेच ठरवावं लागतं. पाठांतर केलेले शब्द इथे पुरत नाहीत, नामाचं लिंग आणि विभक्ती दोन्ही पक्की लागतात. वेळेत आठही उतारे हाताळणं महत्त्वाचं. पहिले उतारे सोपे असतात, शेवटचे अवघड. एका जागेपाशी थांबून राहिलात तर तो उतारा तसाच बंद होतो.

व्याकरणात मराठी माणसाला एक फायदा आणि त्यातूनच एक खड्डा आहे. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश इन पूना आर्बाइटे’, कारण मी पुण्यात काम करतो. ही रचना आपल्याला पटकन बसते. पण मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागीच हवं. परीक्षेच्या घाईत आपण तिथेही ते शेवटी ढकलतो. लिहून झाल्यावर प्रत्येक मुख्य वाक्यात दुसऱ्या जागेवर बोट ठेवून क्रियापद शोधा. सारांशाच्या दीडशे शब्दांना यासाठी दोन मिनिटं पुरतात.

अकरावी-बारावीला जर्मन घेऊन नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलं महाराष्ट्रात खूप आहेत. पायाभरणी म्हणून ते चांगलंच, पण बोर्डाची गुणपत्रिका हा कुठल्या लेव्हलचा पुरावा नव्हे. खासगी क्लासच्या ‘बी२ पूर्ण केली’ अशा प्रमाणपत्राचंही तेच. त्यातून तुम्ही वर्गाला बसलात एवढंच कळतं, परीक्षा दिलीत असं नाही. संस्थेने ज्या परीक्षा नावानिशी दिल्या आहेत, त्यांतलीच एक द्यावी लागते.

इंग्रजी अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनी इंग्रजीचा पुरावा तितक्याच गांभीर्याने घ्यावा. आयईएलटीएस आणि टोफेल दोन्हींचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. ‘माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं’ हे कॉलेजचं पत्र काही विद्यापीठांना चालतं, काहींना नाही. आणि विद्यापीठाला चाललं म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्यालाही चालेल असं नसतं.

वेळापत्रक उलटं मांडा. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं. एपॉसच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत आदल्या वर्षी, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असते. म्हणजे प्रमाणपत्र वर्गात बसण्याच्या वर्षभर आधी हातात हवं. त्याआधी निकालाला लागणारे आठवडे मोजा, आणि एखादं मॉड्यूल पुन्हा द्यावं लागलं तर त्याचा वेळही धरा. परीक्षेच्या जागा नोंदणी उघडताच भरतात, म्हणून नोंदणी कधी उघडणार ती तारीख कॅलेंडरवर असू द्या. आठवड्याला दहा तासिका करणाऱ्याने शून्यापासून बी२ गाठायला दीड वर्षाहून कमी धरू नये.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि परीक्षेच्या नोंदणीत मधलं नाव गायब, असं झालं की तिन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. परीक्षेच्या वेळी पासपोर्ट अजून हातात नसेल तर आधी तो काढा, मग नोंदणी करा.

शेवटचा मुद्दा सशर्त प्रवेशाचा. विद्यापीठ कधीकधी ‘इथे येऊन डीएसएच पास व्हा’ या अटीवर जागा देतं. अशा वेळी तीन गोष्टी ईमेलवर विचारा: परीक्षेची तारीख सेमिस्टरच्या किती आधी आहे, नापास झाल्यास त्याच सेमिस्टरसाठी दुसरी संधी आहे का, आणि नसेल तर जागा पुढच्या सेमिस्टरसाठी राखतात का. तोच तिसरा प्रश्न शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेलाही विचारा. विद्यापीठाने जागा राखली तरी तिकडून पैसे थांबू शकतात, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर टेस्टडाफची पुढची तारीख बघून भारतातूनच परीक्षा देऊन जाणं बरं.