तुम्ही विचारलंत म्हणून: अजून रेस बघता का?

पूर्वी लोक चेष्टेत विचारायचे. "गाड्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय असतं हो?" मीही चेष्टेवारीच न्यायचो. आता विचारणारा आधी इकडंतिकडं बघतो, आक्का जवळपास नाही ना याची खात्री करतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "तुम्ही अजून बघता रेस?"

आक्काचा पोरगा, माझा भाचा, गेला त्याला काही गाळप हंगाम होऊन गेले. त्याला रेसचा नाद मी लावला हे अख्ख्या भावकीला माहीत आहे. त्याच्या खोलीतलं आयर्टन सेना या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीतल्या ड्रायव्हरचं पोस्टर मीच आणलं होतं. रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून तो गेला आणि मी रविवारी पुन्हा टीव्हीसमोर बसतो, हे लोकांना पचत नाही. ज्यांना तोंडावर बोलायला जमत नाही ते पेट्रोलचा विषय काढतात.

तर पेट्रोलचं आधी मिटवून टाकतो. 2019 साली फॉर्म्युला वननं स्वतःच्या प्रदूषणाचा हिशेब जाहीर केला. वर्षाला 2,56,551 टन कार्बन डायऑक्साइड. त्यात शर्यतीच्या गाड्यांनी जाळलेल्या इंधनाचा वाटा 0.7 टक्के, आणि निम्म्याच्या आसपास वाटा सामान जगभर हलवण्याचा. म्हणजे बोलायचं तर शर्यतींच्या कॅलेंडरवर बोला. आज या खंडात, पुढच्या आठवड्यात त्या. तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. इंजिनाबद्दल मात्र माझ्यासमोर बोलू नका. 2017 मध्ये मर्सिडीजनं त्या 1.6 लिटरच्या हायब्रिड इंजिनातून इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा टेस्ट बेंचवर कामाला लावून दाखवली. आपल्या दारातली पेट्रोल गाडी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास अडते. बाकीचं सायलेन्सर आणि रेडिएटर खातो.

"पण सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग?" याचं उत्तर माझ्याकडं एकेकाळी पाठ होतं. पॉलिटेक्निकच्या पोरांसमोर मी भाषण ठोकायचो, आज जे ट्रॅकवर ते उद्या तुमच्या गाडीत. 1953 साली जग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर फ्रान्समधली ल मांची 24 तासांची शर्यत मारली, हे सांगून टाळ्या घ्यायचो. डिस्क ब्रेकचं खरंच आहे. पण आपण लावतो तो तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिननं आणला आणि तो माणूस आधी विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. फॉर्म्युला वनमध्ये बेल्ट सक्तीचा व्हायला 1972 उजाडलं. ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसची कल्पना विमानांकडून आली. फॉर्म्युला वननं तर 1994 पासून त्यावर बंदीच घातली, कारण ब्रेक मारायचं कसब ड्रायव्हरचं दिसलं पाहिजे. भाषण ठोकणारा तो मी आज भेटला तर त्याला खाली बसवीन. रेस का बघतो हे त्याला स्वतःलाच नीट कळलेलं नव्हतं, म्हणून तो सुट्या भागांची यादी वाचत होता.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. ब्रेक ड्रमचं कास्टिंग ग्राहकाकडून रिजेक्ट होऊन आलं की आमच्याकडं व्हाय-व्हाय, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारत जायचा फॉर्म, भरावा लागतो. ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधलं हवेचं भोक, का आलं? वाळूत ओल जास्त होती. का? मिक्सरवर पाणी जास्त पडलं. का? व्हॉल्व्ह गळत होता. का गळत होता? मेंटेनन्सच्या यादीत तो व्हॉल्व्हच नव्हता. 'ऑपरेटरची चूक' लिहून फॉर्म बंद करता येत नाही, ग्राहक तो परत पाठवतो. रेसिंगमध्ये माणूस मेला की असाच एक फॉर्म उघडतो. मी बघतो ते यासाठी. वेग आवडतो हेही खरं आहे, ते लपवत नाही.

आता ट्रॉलीचं.

विम्याच्या कागदांसाठी फिर्यादीची नक्कल लागत होती. दाजी जाण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून मी पोलीस ठाण्यात गेलो. नक्कल हातात आली तेव्हा आधी वाटलं दुसऱ्याच कुठल्या केसची दिली. आरोपीच्या रकान्यात भाच्याचं नाव. भरधाव वेगाने, हयगयीने मोटारसायकल चालवून, रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीस पाठीमागून धडक देऊन स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. मी हवालदारांना विचारलं, वेग कुणी मोजला? ते माणूस म्हणून चांगले होते. पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "साहेब, पद्धत असते तशी लिहायची." पेपरातही तेच आलं होतं. उभ्या ट्रॉलीला दुचाकीची धडक, तरुण ठार.

तिथून मी टेप घेऊन जागेवर गेलो. ट्रॉली कधीच हलवली होती. रस्त्यावर अर्धगोलात चार दगड आणि बाभळीची एक फांदी तेवढी राहिली होती. आपल्याकडं गाडी बंद पडली की मागं दगड मांडायचे आणि गाडी निघाली की दगड तिथंच सोडायचे, हा रिवाज. ते चार दगड रात्री दुसऱ्या कुणाला तरी लागले असते. मी ते उचलून चरीत टाकले. ब्रेकच्या खुणा शोधल्या, सापडल्या नाहीत. नसण्याचे अर्थ दोन निघतात, ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही किंवा बघितलंच नाही. डांबरावर उसाचा चोथा झालेला होता, त्यावर माश्या.

ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर होता म्हणे. असेलही. हंगामाच्या तोंडाला पट्ट्या चिकटवण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. पण ट्रॉली भरल्यावर मोळ्यांची टोकं मागं हात-दोन हात बाहेर लोंबतात आणि फळी, पट्टी, दिवा, सगळं त्याखाली जातं. मागून अंधारात दिसतो तो रस्त्याच्याच रंगाचा एक ढीग. भाच्याची गाडी जुनी, हेडलाइट पिवळा. लो बीमवर असला ढीग 30 मीटरवर दिसला तर पुष्कळ. ताशी 50 किलोमीटरला गाडी सेकंदाला 14 मीटर जाते. दिसलं, कळलं, हात ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. 21 मीटर गेले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी 15. एकूण 36. हा हिशेब मी कागदावर मांडून आक्काच्या घरी नेला होता. कशासाठी नेला, ते विचारू नका.

हेल्मेट होतं. फुल-फेस, पट्टा लावलेला. डोक्याला ओरखडा नव्हता, छातीवर ट्रॉलीची कड बसली. ते हेल्मेट कुठून आलं तेही ऐका. नोव्हेंबर 2020 मध्ये बहारीनच्या शर्यतीत ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली, ते आम्ही मामा-भाचे मिळून बघत होतो. पोरगा सोफ्यावर उभा राहिला होता. ग्रोजाँ आगीतून चालत बाहेर आला. डोक्यावरच्या ज्या 'हेलो' चौकटीनं तो वाचला, तिला त्यानंच आधी विरोध केला होता. हे मी सांगितलं, आणि त्या आठवड्यात भाच्यानं टोपीसारखं हेल्मेट टाकून देऊन चांगलं घेतलं. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या शहाण्यांना जे कळलं नाही, ते रेस बघणाऱ्या एका पोराला कळलं होतं. नाद मी लावला ना? मग हेही माझ्याच खात्यावर मांडा.

आणि आता सुझुकाचा रेस ट्रॅक. 5 ऑक्टोबर 2014, जपान, पाऊस. एक गाडी घसरून बाहेर गेली होती, ती उचलायला क्रेनचा ट्रॅक्टर ट्रॅकलगत आला होता. पुढच्याच फेरीत त्याच वळणावर ज्यूल बियांकीची गाडी घसरली आणि 126 किलोमीटरच्या वेगानं त्या ट्रॅक्टरवर गेली. तो पुढं नऊ महिने बेशुद्ध होता, जुलै 2015 मध्ये गेला. वय 25. थांबलेला ट्रॅक्टर आणि मागून आलेला पोरगा. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी त्या चौकशीबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. दहा जणांची समिती, 396 पानांचा अहवाल. गाडीत अपघाताची नोंद करणारं यंत्र असतं, त्यामुळं वेग कुणी अंदाजानं लिहिला नाही. 2015 च्या हंगामात व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे ट्रॅकवर धोका असेल तर सगळ्यांनाच ठरलेल्या वेगाच्या खाली यावं लागतं, कुणाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. शर्यत सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुरू करा, ही शिफारसही त्याच अहवालातली.

हे मी नातेवाइकांना सांगतो तेव्हा एक भाग गाळतो. इथं गाळत नाही. त्याच समितीनं हेही म्हटलं की धोक्याचे पिवळे झेंडे दिसत असताना बियांकीनं वेग पुरेसा कमी केला नाही. म्हणजे मेलेल्याचं नाव तिथल्या कागदावरही आलंच, आणि त्याच्या घरच्यांना ते लागलं. फरक एवढाच की तिथं कागद त्या ओळीवर संपला नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो. आक्काला वाटत नाही.

शिवाय 2022 साली, त्याच सुझुकात, तसाच पाऊस, आणि गाड्या ट्रॅकवर असताना पुन्हा एक क्रेनचा ट्रॅक्टर आत. पिअर गॅस्ली हा ड्रायव्हर त्याच्या शेजारून गेला आणि रेडिओवर संतापला. मी टीव्ही बंद केला. ज्यांच्या शिकण्याचे गोडवे मी गात फिरत होतो ते आठ वर्षांत विसरले होते. पुढची शर्यत मात्र बघितली.

आणि जे शिकतात ते कुणासाठी? वीस-बावीस ड्रायव्हर. त्यांच्यामागं कंपन्या, करार, कॅमेरे. आपल्याकडं 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातल्या किती जणांचं व्हाय-व्हाय झालं? रोजच्या रस्त्यांवर होणाऱ्या मोटार रॅलीचं तर आणखी अवघड. 2019 मध्ये राजस्थानात बाडमेरकडं रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर मोटारसायकलवरून एक कुटुंब आलं आणि स्पर्धेतल्या गाडीखाली तिघं गेली. रस्ता बंद होता, नियम पाळला गेला नाही, सगळं मान्य. पण तो रोजचा रस्ता कुणाचा होता आणि खेळासाठी बंद कुणी केला, हे विचारलं की आमच्या ग्रुपवर सगळे गप्प होतात. मीही बराच वेळ गप्प होतो.

ट्रॅक्टरवाल्याबद्दलही लोक मला भडकवायला बघतात. एक्सल तुटला, त्यानं दगड लावले आणि तो पळाला. पळाला नसता तर जमावानं जिवंत ठेवला नसता. टनावर पैसे, कारखान्याच्या गेटवर रात्रभर रांग, डोळ्याला डोळा नाही, आणि मालकानं धोक्याचा एक लाल त्रिकोणसुद्धा दिलेला नाही. आम्ही फाउंड्रीतल्या काही जणांनी मागच्या हंगामात पत्र्याच्या पाट्यांवर रिफ्लेक्टर लावून दिले, मोळ्यांच्या टोकाला बाहेरून अडकवायच्या. काहींनी लावल्या. एक म्हणाला, "साहेब, उतरवताना पडतीया, उद्या कोण बघायचं?" त्याचंही बरोबर आहे.

एक गोष्ट राहिली. भाच्याच्या मित्राच्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. दिवसाचा, बायपासचा. गाडी भाचा चालवतोय, मागं बसलेला मित्र ओरडतोय, काटा नव्वदच्या पुढं. आक्कानं तो मला न बोलता दाखवला. मी म्हणालो, हा वेगळा रस्ता, वेगळी वेळ. यावरून त्या रात्रीचा वेग निघत नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे.

परवा तिनं माझा तो जुना हिशेबाचा कागद कपाटातून काढला. सातवी झालेली बाई, पण तिनं शेजारच्या पोराकडून आकडे पुन्हा करून घेतले होते. 50 च्या जागी 40 धरलं की बेरीज 27 येते. 30 मीटरवर दिसतं, 27 मध्ये गाडी थांबते, पोरगं घरी येतं. 80 धरलं की सगळा दोष पोराचा.

"तू पन्नासच का धरलंस?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, त्या रस्त्यावर सगळे साधारण तेवढ्यानंच जातात.

"कुणी मोजलंय?" ती म्हणाली.