दहावा लेख आणि प्राध्यापकपदाची फाइल

माझी कॅसची, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीच्या योजनेची फाइल एका लेखावर अडली होती. पीएचडी, सेवेची वर्षं, दरवर्षीचे मूल्यमापन अहवाल हे सगळं सुरळीत पार पडलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते त्या एका लेखाबद्दल. पेडण्यापासून काणकोणपर्यंत मराठी, कोकणी, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या कितीतरी सहकाऱ्यांच्या फाइलींत असा एखादा लेख असणार. ‘तो काढून टाका, दुसरा लावा’ असं त्यांनाही सांगितलं जाणार. काढू नका.

मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. सहयोगी प्राध्यापक ते प्राध्यापक, म्हणजे वेतनाच्या लेव्हल १३ए ते १४, या बढतीसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयीन शिक्षकांना घातलेल्या अटी स्पष्ट आहेत. आधीच्या पदावर तीन वर्षं सेवा, पीएचडी, पिअर रिव्ह्यूड (विषयातल्या जाणकारांकडून लेख तपासून घेणाऱ्या) किंवा यूजीसीच्या सूचीतल्या नियतकालिकांत किमान १० शोधलेख, त्यातले ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि दुसऱ्या परिशिष्टातल्या तक्ता २ प्रमाणे संशोधनाचे ११० गुण. गुणांची मला चिंता नव्हती. भाषा आणि मानव्यविद्यांतल्या शोधलेखाला १० गुण आहेत, पीएचडी मिळवलेल्या विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १०, त्यात माझी पुस्तकं आणि प्रकरणं. पण लेख मोजून दहा होते. एक गळला की अर्ज पुढे जाणार नव्हता.

छाननीला बसलेल्या गृहस्थांनी एकेका नियतकालिकाचं नाव संगणकावर घालून पाहिलं. नऊ सापडली. दहाव्यापाशी ते थांबले. “हें लिस्टींत मेळना, मॅडम.” मी म्हटलं, लेख छापून आला तेव्हा होतं. “पूण आतां ना न्ही?” एवढं बोलून त्यांनी माझ्या दहाव्या लेखावर पेन्सिलीने फुली मारली. मराठी कोणालाही येत असो वा नसो, तो लेख उघडून पाहायची गरज त्या खोलीत कोणालाच वाटली नाही. त्या फुलीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लेख २०१८च्या पहिल्या अंकातला. तेव्हा यूजीसीची जुनी मान्यताप्राप्त सूची चालू होती आणि त्या त्रैमासिकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सूचीतला क्रमांक छापलेला होता. २ मे २०१८ रोजी यूजीसीने त्या सूचीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम काढली. पैसे घेऊन काहीही छापणारी पुष्कळ त्यात होती, ती जायलाच हवी होती. पण त्यांच्यासोबत आमचं त्रैमासिकही गेलं. जून २०१९मध्ये यूजीसी-केअरची नवी सूची आली, तिच्यात ते परत आलं नाही. येणार कसं? त्याला संकेतस्थळ नाही, संपादक मंडळाची माहिती इंग्रजीत कुठे टाकलेली नाही. निवृत्त झालेले दोन प्राध्यापक ते चालवतात, वर्गणीदारांच्या जिवावर. लेख छापण्यापूर्वी मात्र दोन जाणकारांकडे जातो आणि त्यांचे शेरे टपालाने परत येतात. माझ्या लेखावर आलेल्या शेऱ्यांनी मला त्याचा अर्धा भाग नव्याने लिहायला लावला होता.

लेख कशावर होता तेही सांगते. डिचोली तालुक्यातल्या एका घरात आख्यानांची हस्तलिखित बाडं जपून ठेवली आहेत. एकच आख्यान तीन वेगवेगळ्या हातांनी उतरलेलं. कुठे ओव्या गळलेल्या, कुठे शेवटी नव्या जोडलेल्या, समासात मोडीत हिशेब. ते पाठ शेजारी ठेवून कोणता आधीचा, कोणता नंतरचा हे लावत गेले. मध्ये पणजीच्या पुराभिलेखागारात आणि पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी कागदपत्रं आणि नियतकालिकं चाळणं होतंच. सोळाव्या शतकातल्या कृष्णदास शामापासून इथे मराठी लिहिली जाते. थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. एवढ्या जुन्या परंपरेच्या प्रदेशात पाठचिकित्सेचं काम कोणी केलं तर ते मराठीतच छापलं जाणार, आणि छोट्या, निष्ठेने चालवलेल्या नियतकालिकातच छापलं जाणार. ते वाचून चूक काढू शकतील अशी माणसं तिथेच आहेत. रसायनशास्त्रातल्या माझ्या सहकाऱ्याबद्दल मला काडीचाही आकस नाही. त्यांचा लेख प्रयोगशाळेतल्या चौघांचा असतो, वर्षाला दोन-तीन होतात, नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचे किती दाखले दिले जातात याचं माप) असतो आणि तो १०च्या वर असला तर तक्त्यात ३० वाढीव गुण आहेत. आमच्याकडे एका लेखामागे दोन वर्षं जातात. दोन्ही कामांना एकच फूटपट्टी लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

अडलेलं सुटलं ते एका कागदाने. सूचीतून नावं काढताना यूजीसीने जी सूचना काढली होती ती मी शोधून शब्दन् शब्द वाचली. नाव वगळलं म्हणजे नियतकालिक निकृष्टच आहे असं नव्हे, आवश्यक माहिती उपलब्ध नसल्यानेही नाव गेलेलं असू शकतं, असं तिच्यात आहे. आणि वगळण्यापूर्वी छापलेले किंवा स्वीकारलेले लेख बढतीसाठी विचारात घेता येतील असंही आहे. मी त्या ओळी अधोरेखित केल्या आणि अंकाची मुखपृष्ठाची आतली बाजू, अनुक्रमणिका, अंकाची तारीख यांच्या साक्षांकित प्रती जोडल्या. संपादकांकडून त्यांच्या लेटरहेडवर पत्र आणलं: लेख कधी आला, परीक्षकांकडे कधी गेला, कधी स्वीकारला. परीक्षकांची नावं झाकून त्यांच्या शेऱ्यांच्या प्रतीही जोडल्या. नियमावलीत पिअर रिव्ह्यूड किंवा सूचीतलं असं म्हटलंय, दोन्ही एकदम असण्याची अट नाही. त्यामुळे हे पत्र एकट्यानेही पुरेसं ठरायला हवं.

आणि हे सगळं तोंडी सांगत बसले नाही. आवक क्रमांक घालून अर्ज दिला आणि लेख नाकारायचा असेल तर कोणत्या कलमाखाली ते लेखी कळवावं अशी विनंती केली. तोंडी ‘ना’ म्हणणं सोपं असतं, कलम लिहून देताना माणूस नियम उघडतो. उघडला, आणि फुली खोडली गेली. त्या दिवशी मला एवढं हलकं वाटलं की परतताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंनाही मी सगळं सांगितलं.

एक राहिलं. गुण तक्त्यातल्या सहांपैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. नुसते लेख दाखवून ११० भरले तरी चालत नाही, हे अर्ज भरतानाच पाहा. संयुक्त लेख असेल तर दोन लेखकांना प्रत्येकी ७० टक्के गुण, दोघांहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना ३० टक्के. निमंत्रित व्याख्यानं आणि धोरणविषयक दस्तऐवज मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे धरत नाहीत. व्याख्यानांची प्रमाणपत्रं जमवण्यात वर्षं घालवू नका.

पुस्तकांबद्दलही सांगायला हवं. त्याच बाडांची मी पुढे संपादित आवृत्ती काढली. दीर्घ प्रस्तावना, पाठभेद, टिपा, शब्दसूची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते. तक्त्यात राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या ग्रंथलेखनाला १० गुण आहेत, संपादनाला ८. परिसंवादातले निबंध एकत्र बांधले तरी ८, आणि चारशे वर्षांची परंपरा पानापानावर लावत नेली तरी ८. शिवाय ते पुस्तक दहा शोधलेखांतल्या एकाचीही जागा घेऊ शकत नाही. प्रकाशक फोंड्याचा म्हणून तो ‘राष्ट्रीय’ आहे का असाही प्रश्न निघाला. तक्त्यात ‘स्थानिक’ असा रकानाच नाही. तेव्हा आयएसबीएन दाखवा, तो देणारी राजा राममोहन राय संस्था राष्ट्रीय आहे. पुणे-मुंबईच्या ग्रंथालयांत पुस्तक आहे याचे त्यांच्या ऑनलाइन सूचीतले उतारे जोडा. माझं एवढ्याने मानलं गेलं.

प्रत्येक मोठ्या कामाबरोबर एक पानभर टिपण जोडा, असं मी आता सगळ्यांना सांगते. यात नवीन काय, आधी कोणी काय म्हटलं होतं, तुम्ही कुठे असहमत आहात. निवड समितीत विषयाचे बाहेरचे तज्ज्ञ असतात. मुलाखतीत त्यांतल्या एका बाईंनी माझं टिपण समोर ठेवून विचारलं, तिसरा नकलकार दुसऱ्याची प्रत पाहून लिहितो हे कशावरून? पंधरा मिनिटं आम्ही ओव्यांवर बोललो. एवढ्या सगळ्या प्रक्रियेत माझं काम वाचलेलं माणूस मला तेवढं एकच भेटलं, आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं याचा मला मनापासून अभिमान आहे. बढती मिळाली.

केअर सूची फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आता नियतकालिक निवडण्यासाठी यूजीसीने सुचवलेले निकष आहेत आणि जबाबदारी संस्थांवर आली आहे. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात गुणांऐवजी उल्लेखनीय योगदानाची भाषा आहे, भारतीय भाषांतल्या अध्यापनाचाही उल्लेख आहे. माझ्या महाविद्यालयात निकष ठरवायला समिती बसेल तेव्हा मी त्या समितीत जागा मागणार आहे. मराठी-कोकणी नियतकालिकांच्या संपादकांकडून परीक्षणाच्या पद्धतीची पत्रं मी आतापासूनच मागवायला घेतली आहेत. ज्यांचे लेख अशा अंकांत आहेत त्यांनी आपल्या संपादकांना आजच लिहावं. बरेचसे संपादक वयस्कर आहेत, आणि परीक्षकांचे शेरे त्यांच्या घरच्या कपाटांत आहेत.