प्रत्येक नोंदीत १८

दुसऱ्या शाखेतील पदवी आणि नोकरीचा अनुभव गाठीशी घेऊन नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना मी वॉर्डात शिकवते. त्या दिवशी माझ्या गटात चाळिशीचे एक गृहस्थ होते. आधीची नोकरी लेखापरीक्षणातली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशीचा एक रुग्ण मी त्यांच्याकडे सोपवला होता.

ते तक्त्यापाशीच थबकले. आदल्या दिवसापासून नाडी, तापमान, रक्तदाब थोडेफार वरखाली होत होते. श्वसनाचा वेग मात्र प्रत्येक नोंदीत १८. "मॅडम, खऱ्या हिशेबात आकडे इतके सारखे येत नाहीत," ते म्हणाले. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात आणि घाईच्या पाळीत नेमकी हीच नोंद अंदाजाने भरली जाते, हे वॉर्डात काम केलेल्यांना ठाऊक असते. त्यांनी रुग्णाच्या मनगटावर नाडी पाहत असल्यासारखी बोटे ठेवली, कारण श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणूस नकळत ते बदलतो, आणि घड्याळ लावून छातीची हालचाल मोजली. २६ भरले, पुन्हा मोजले, तरी तेवढेच. प्रौढांमध्ये १२ ते २० सर्वसाधारण मानतात, आणि २५ किंवा त्याहून अधिक भरल्यास ब्रिटनमधील 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर' ही रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याचा इशारा देणारी गुणपद्धती या एकाच नोंदीला सर्वाधिक, म्हणजे ३ गुण देते. रक्तदाब अजून ठीक होता. फसगत होते ती इथेच, कारण शरीर बिघाड सावरू पाहत असते तेव्हा श्वास बहुधा आधी वाढतो आणि रक्तदाब बराच उशिरा ढासळतो.

इथवर जुना पेशा कामी आला. पुढे तोच आडवा आला. ते मागच्या पाळ्यांच्या नोंदी ताडून पाहू लागले, कारण पुरावा पक्का झाल्याखेरीज तोंड उघडायचे नाही ही त्यांची शिस्त. "ते नंतर पाहू. आधी सिस्टरांना सांगा आणि डॉक्टरांना फोन लावा," मी म्हटले. फोनवर ते रुग्णाची साद्यंत पार्श्वभूमी सांगू लागले, तेव्हा मी कागदावर चार शब्द लिहून पुढे सरकवले: परिस्थिती, पार्श्वभूमी, निष्कर्ष, मागणी. मग सरळ आले, "श्वसन २६ आहे, पोट ताठरले आहे, सकाळपेक्षा बेचैनी वाढली आहे, आपण लगेच येऊन पाहावे."

सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या जोडातून गळती दिसली आणि संध्याकाळच्या आत रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी नेले.

अशा विद्यार्थ्यांना आपण पाटी कोरी करून या असे सांगतो, ते मला पटत नाही. त्यांची नजर तयार असते, शिकवायचे असते ते अर्धवट माहितीवर वेळेत बोलणे. पाळी संपल्यावर त्यांनी त्या १८ च्या नोंदींबद्दल घटना-नोंदीचा फॉर्म भरला, अर्थातच अगदी काटेकोर. मी त्यात एकच बदल सुचवला: कोणाची सही होती त्याऐवजी त्या पाळ्यांमध्ये एका परिचारिकेकडे किती रुग्ण होते, ते लिहावे.