740 किलो टांगणीला

मांडणशिल्प पाहायला आलेल्यांनी पत्रे पाहिले. ॲल्युमिनियमचे, दीड मिलिमीटर जाडीचे, एकूण 612. लांबून बघितलं की वळणाऱ्या थव्यासारखा आकार दिसायचा. त्यांच्या वरचा लोखंडी सांगाडा कुणी पाहिला नाही, आणि दिसू नये अशीच सोय केली होती. माझे अकरा आठवडे मात्र त्या सांगाड्यातच गेले.

पहिला आराखडा पोलादी पत्र्याचा होता. मला गंजाचा रंग हवा होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बेरीज करून कागद माझ्याकडे सरकवला: 1600 किलो. हॉलचं छत एवढं पेलणार नव्हतं. दोन दिवस मी रुसून बसले. मग अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं ते प्रचंड मोबाइल, म्हणजे हवेवर हलणारं टांगतं शिल्प, आठवलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये ते 1977 साली लागलं. सुमारे 23 मीटर पसारा, पण वजन 417 किलोच्या आसपास, कारण पॉल मॅटिस यांनी ते पोलादाऐवजी आतून मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ ॲल्युमिनियममध्ये घडवलं. काल्डरला चालतं तर माझा हट्ट कसला? ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, शिवाय जाडीही कमी केली. पत्रे 300 किलोंत बसले. सांगाडा 440 चा झाला. कलाकृतीपेक्षा तिला धरणाराच जड!

छताने आणखी छळलं. नकाशात बीम जिथे होते तिथे फॉल्स सीलिंग उघडल्यावर एसीचा डक्ट निघाला. सांगाडा छताला टांगायच्या आठ जागांपैकी दोन सरकवाव्या लागल्या, म्हणजे सांगाड्याचं वेल्डिंग पुन्हा. छतात रुतवलेल्या प्रत्येक अँकर बोल्टला भाराच्या दीडपट ताण देऊन पाहिल्यावरच इंजिनिअरने सही केली. नऊ मीटरचा सांगाडा चार तुकड्यांत करून आणला होता, तरी एक तुकडा बोळाच्या कोपऱ्यावर अडकलाच. त्याची कथा सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांचंच अडकतं.

उचलायचा दिवस आला तेव्हा माझी अक्कल निघाली. अर्धा सांगाडा, 220 किलो, जोडून जमिनीवर ठेवला होता. छत फार उंच नव्हतं. मी म्हटलं, मध्ये एकच चेनब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावू, दोन्ही टोकांना पट्टे बांधू आणि उचलू. रिगर दादा, म्हणजे जड सामान उचलून टांगणारे आमचे कारागीर, काही बोलले नाहीत. त्यांनी हत्यारांच्या पिशवीत दोरी ओवली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं माझ्या मदतनीस मुलाच्या. "ताई, आता मागे सरका." शेजारी उभे होतो तोवर पिशवी काहीच वाटत नव्हती. चार पावलं मागे गेलो तसे दंड थरथरायला लागले. दोरी आडवी होत गेली, पिशवी तेवढीच होती.

मग त्यांनी भिंतीवर खडूने हिशोब मांडला. पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर 110 किलो. जमिनीशी 60 अंशांचा कोन झाला की 127. 30 अंशांवर आले की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण 220. छत बुटकं म्हणून आमचे पट्टे जवळजवळ आडवेच पडणार होते. अखेर दोन चेनब्लॉक लावले, एकेका टोकाला एक, पट्टे सरळ. दुसरा अर्धा भागही तसाच. उचलताना भाराखाली कुणीही उभं राहायचं नाही, हा नियम माझ्यासाठी पहिल्यांदाच नुसता नियम उरला नाही. 1971 साली अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये शिल्पकार रिचर्ड सेराचं शिल्प बसवताना पोलादी पत्रा कोसळून एक कामगार गेला होता, ते मी वाचलेलं होतं. वाचून काय होतं ते पिशवी धरल्यावर कळलं.

सांगाडा छातीच्या उंचीवर थांबवून आम्ही पत्रे लटकवले, ओळ भरली की थोडा वर. तारेचा फास आवळून धरणारे यू-क्लिप उलटसुलट लावायचे नाहीत: पट्टीची बाजू भार घेणाऱ्या तारेवर, वाकडा बोल्ट मोकळ्या शेपटीवर. मी दहा-बारा उलटे लावले होते. दादांनी ते न बोलता सोडवले.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी एसी सुरू केला आणि जीव टांगणीला लागला. एवढे दिवस एसी बंदच होता. एसीच्या जाळीखालचे पत्रे स्वतःभोवती सावकाश फिरायला लागले, कारण पीळदार तार भार आला की उलगडू पाहते, आणि एका तारेवरच्या पत्र्याला अडवणारं काही नसतं. वारा आला, टिण्, टिण्. क्युरेटरना तो आवाज फार आवडला. मला पत्र्यांच्या कडांवर पडणारे ओरखडे दिसत होते. रात्रभर बसून जाळीखालच्या 90 पत्र्यांना दुसरी तार लावली.

एवढ्यावर संपलं नाही. नवी तार भाराखाली थोडी लांबते, हे इंजिनिअरने सांगितलं होतं, मी विसरले होते. चौथ्या दिवशी मधली खालची ओळ सात मिलिमीटर उतरलेली. कुणाला दिसलं नसतं, पण मला दुसरं काही दिसेना. गॅलरी बंद असते त्या दिवशी पुन्हा सीझर लिफ्ट, म्हणजे माणसाला वर नेणारा चाकांचा पाळणा, आणली. दीड टनाच्या आसपासचं ते धूड, सगळं वजन चार चाकांवर. म्हणून खाली प्लायवूड अंथरावं लागलं. वर जाऊन टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, अर्धा फेरा, लेझरची लाल रेघ बघायची, पुन्हा अर्धा फेरा. क्लिपही सगळे परत आवळले.

उतरण्यापूर्वी दादांनी मार्कर काढला आणि सांगाड्यावर, आधीच्या तारखेखाली, आजची तारीख टाकली.