माण पंढरीला पोचत नाही

सांगोल्याहून पंढरपूर साधारण ३२ किलोमीटर. कार्तिकीला सांगली-कोल्हापूरकडच्या दिंड्यांबरोबर आम्ही याच वाटेनं चालतो. माण नदीच्या पुलावर माउली जरा टेकतात आणि ‘हे पाणी चंद्रभागेलाच निघालंय’ असं कुणीतरी म्हणतंच. तसं नाही. माण भीमेला, म्हणजे पंढरीतल्या चंद्रभागेला, मिळते ती सरकोलीजवळ, पंढरपूरच्या खालच्या अंगाला. स्नानाला मिळतं ते उजनीतून सोडलेलं, नाहीतर वर नरसिंहपूरला येऊन मिळणाऱ्या नीरेचं. माणला कितीही पूर येवो, पुंडलिकाच्या पायऱ्यांना तिचं पाणी लागत नाही. उलट भीमा चढली की फुगवटा माणच्या तोंडात मागं सरकतो आणि सरकोलीकडच्या शिवारात शिरतो.

उगम साताऱ्याच्या माण तालुक्यात, कुळकजाईच्या डोंगरात. मग म्हसवड, राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा. सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. आषाढीला पात्र बहुधा कोरडं. नदी भरते ती परतीच्या पावसानं. म्हणून माण बघायची तर कार्तिकीलाच. अलीकडं टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी पात्रात सोडतात, तेव्हा मात्र उन्हाळ्यातही बंधारे भरलेले दिसतात.

बंधारे कोल्हापुरी पद्धतीचे. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत लोखंडी दारं बसवतात. दारांचं रबर झिजलं असेल तर अडवलेलं पाणी महिन्या-दोन महिन्यांत गळून जातं. दारं घाईनं बसवली आणि मागून पाऊस लागला, की पाणी कडेचा मातीचा काठ फोडतं: बंधारा जागेवर, नदी शेजारून!

अंघोळीला बंधाऱ्याच्या लगत खाली उतरू नये. वरून पडणाऱ्या पाण्यानं तिथं डोह खणलेला असतो. वरच्या अंगाला वाळू उपशाचे खड्डे. काठाशी गुडघाभर पाणी, पुढच्या पावलाला डोक्यावर. काठी टेकत जावं आणि खडक दिसेल तिथंच बसून तांब्यानं अंघोळ उरकावी. पूर्वी वाळूत हातभर झिरा काढला की प्यायचं पाणी लागायचं. वाळू गेली, झिरे गेले. आता तळाला गाळ आणि काठाला चिलारीची काटेरी झुडपं. प्यायचं पाणी गावातून नाहीतर दिंडीच्या टँकरमधून भरून घ्यावं. आणि ठेंगण्या फरशी पुलावरून घोटाभर जरी पाणी वाहत असलं, तरी त्यात दिंडी घालू नये. गढूळ पाण्याखाली कडेचा भराव कुठं खचलाय ते दिसत नाही. फेरा पडला तरी मोठ्या पुलानंच जावं.