रत्नागिरीची पिकअप आणि ब्रेकची नळी

डॅशबोर्डवरचा लाल दिवा चार दिवस लागत होता. मी बॉनेट उघडून ब्रेक ऑइल टाकायचो, दिवा विझायचा, मी कामाला लागायचो. टाकलेलं ऑइल जातंय कुठे, हा प्रश्न मला चार दिवसांत एकदाही पडला नाही.

पाचव्या दिवशी काटोलहून मृग बहाराची संत्री घेऊन नागपूरच्या कळमना बाजाराला निघालो होतो. काटोल नाक्याच्या सिग्नलला ब्रेक दाबला, तर पेडल मऊ पडून पार पत्र्यापाशी गेलं. हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी समोरच्या ऑटोच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली. ती थांबली याचं कारण इतकंच की मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागात, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या ऑइलची वाट वेगवेगळी असते. मागची फुटली तरी पुढची चाकं थोडीफार धरतात. हँडब्रेकची तर तारच निराळी. पण 1 टनाच्या वर माल लादलेली पिकअप अशा ब्रेकवर चालवायची नसते. रस्त्याच्या कडेलाच क्रेट चुलतभावाच्या गाडीत टाकले आणि माझी गाडी दांडा लावून टोचन करत कामठी रोडच्या एका गॅरेजला नेली. दोरीनं टोचन करायला मी नाहीच म्हटलं.

गॅरेजवाले चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी आधी नंबर प्लेट पाहिली. एमएच ०८.

"काहून बाप्पा, कोकनातली गाडी घेतली तुमी?"

स्वस्त मिळाली म्हणून घेतली, दुसरं काय. आधीचा मालक तिच्यात मासळी वाहायचा. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली चेसिसवर ठिबकत होतं. नागपूरच्या कोरड्या उन्हात गाडी लवकर सडत नाही, पण जी सडूनच आली तिला ऊन तरी काय करणार? वर मी दोन हंगाम खताची पोती वाहिली. खताची भुकटी ओलावा धरून ठेवते आणि लोखंडाला मिठाइतकीच खाते.

खाली पाठीवर झोपून चाचांनी मला बॅटरीच्या उजेडात नळी दाखवली. उघड्यावर ती बरी होती. जिथे क्लिपनं चेसिसला बांधली होती, तिथे चिखल साचून राहिला होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं फिरवलं, तसे गंजाचे पापुद्रे माझ्या शर्टावर पडले आणि खालून ऑइलचा थेंब फुगून वर आला.

माझं म्हणणं होतं, तेवढाच तुकडा कापून जोड द्या. चाचा हसले. "आज इथं जोडसान, उद्या वीतभर पुढं फुटन. मंग?" ब्रेक दाबल्यावर या नळीत टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब येतो, तिथे जुगाड नको. मास्टर सिलिंडरपासून मागच्या दोन्ही चाकांपर्यंत सगळी नळी बदलायचं ठरलं.

पहिला दिवस नट सोडवण्यातच गेला. नट नळीवरच गंजून बसले होते. पाना फिरवला की नळीच पिळायची. शेवटी नटाच्या तोंडाशी नळी कापून टाकली आणि सहा कोनी सॉकेट बसवून एकेक नट सोडवला. डाव्या व्हील सिलिंडरचा, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचा, हवा काढायचा निप्पल मात्र तुटला तो तुटलाच, म्हणून मागचे दोन्ही सिलिंडर नवे घेतले.

दुकानदार तांब्याची नळी गळ्यात मारत होता. हातानं वाकते, गंजत नाही. चाचांनी ती परत पाठवली. नुसतं तांबं गाडीच्या हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. आम्ही लेप दिलेली 4.75 मिलिमीटरची स्टीलचीच घेतली. जुनी नळी भुईवर मांडून तिच्याबरहुकूम वळणं दिली.

मग फ्लेअरिंग. नळीचं तोंड आधी छत्रीसारखं फुगवायचं, मग तीच कड आत दुमडायची, म्हणजे दुहेरी कड नटाखाली घट्ट बसते. मला हे बघत राहावंसं वाटत होतं. हाताखालच्या पोरानं सुरेख कड काढली, अभिमानानं वर धरली, आणि चाचा म्हणाले, "अन् नट कुठं हाय बे?" कड काढायच्या आधी नट नळीत ओवायचा असतो. तो राहिला होता. कापा, पुन्हा करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायला घेतली. सगळ्यात लांबचं म्हणजे मागचं डावं चाक आधी. मी पेडलवर, खालून आरोळी यायची, "दाबा... धरा... सोडा." निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात. अर्धा तास झाला तरी धार नीट येईना. मग चाचांना आठवलं की गाडी जॅकवर आहे. मागच्या ॲक्सलवर वजन किती आहे ते ओळखून ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह पिकअपला असतो. चाकं लोंबकळत असली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो ऑइल अडवून धरतो. चाकं जमिनीवर टेकवली, हौद्यात चार पोती टाकली, तेव्हा कुठे बुडबुडे भसाभसा निघाले. पेडल अर्ध्यावर कडक झालं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुतलं, कारण ते रंग खातं.

सामान, ऑइल, मजुरी मिळून साडेपाच हजार गेले. मोकळ्या मैदानात हळू वेगानं दहा वेळा ब्रेक मारून पाहिले, आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला.

सकाळी पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग. माझे हातपाय गळाले. चाचांना फोन लावून बोट डागाला लावलं, नाकाशी नेलं. फाळक्याच्या फटीत परवाचं एक संत्रं चेपून बसलं होतं.