दोन इंच फोम आणि गीतांजलीचा स्लीपर

गीतांजली एक्स्प्रेस सीएसएमटीवरून सकाळी सहाला सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास हावड्याला पोचते. जवळपास १,९६८ किलोमीटर. ताई लग्न होऊन खरगपूरला गेली तेव्हापासून ही आमची घरची गाडी झालीय. आम्ही डोंबिवलीचे, म्हणून कल्याणला चढतो. दिवाळी उरकली की आई आणि मी निघतो, आणि स्लीपरनेच निघतो. पैशाचा हिशोब आहेच, पण स्लीपरची खिडकी उघडते, हेही तितकंच खरं.

आदल्या रात्री आईच्या दशम्या होतात. पीठ फक्त दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. दही-भात ती मला घेऊ देत नाही, "डब्यात सांडलास तर लोकांनी झोपायचं कुठे?" असं तिचं म्हणणं.

कसाऱ्याला गाडी थांबते. मागून बँकर इंजिनं लागतात, एक हलकासा धक्का बसतो आणि घाट सुरू होतो. थळ घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते. पुढून ओढणारं इंजिन एकटं असेल तर सगळा भार डब्यांमधल्या कपलिंगवर येतो, म्हणून मागून रेटायला बँकर. इगतपुरीला ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली जातात. नोव्हेंबरात घाट अजून हिरवा असतो. आई इथे कधीच झोपत नाही.

नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला हे सगळं उजेडात जातं. भुसावळला केळी घ्यायची, अकोल्याच्या आसपास शेगाव कचोरीवाले डब्यात फिरत असतात. संध्याकाळी नागपूर. लोकांना वाटतं नागपूर आलं म्हणजे महाराष्ट्र संपला. मुंबईपासून नागपूर ८३७ किलोमीटर, त्यापुढे गोंदिया आणखी १३०. म्हणजे निम्मा प्रवास आपल्याच राज्यात होतो, आणि छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल या चार राज्यांना मिळून उरलेला निम्मा.

या खेपेला समोरच्या बर्थवर झवेरी बाजारातला एक बंगाली कारागीर होता. घाटालकडचा, म्हणजे पश्चिम मेदिनीपूरचा. तिकडची मुलं पिढ्यान्‌पिढ्या सोन्याच्या कामाला मुंबईला येतात, आणि मंगळसूत्राच्या वाट्यांपासून ठुशीपर्यंत आपल्या कितीतरी दागिन्यांना त्यांचे हात लागलेले असतात. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. उजव्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं कानशीने घासून गुळगुळीत झालेली, नखांच्या कडांना काळी रेघ, मनगटावर डाग देताना, म्हणजे सोन्याचे तुकडे तापवून जोडताना, भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके. मराठी त्याला छान येत होतं, फक्त 'व'च्या जागी 'ब' यायचा. आईने दशमी पुढे केली तेव्हा म्हणाला, "काकी, दिबसभर बसूनच असतो आम्ही." मग त्याने सांगितलं की ज्या खोलीत काम चालतं, तिथेच रात्री पाट-हत्यारं बाजूला सारून सगळे झोपतात. सहा जण, कुशीवर. वर्षातून दोनदा गावी जाताना या बर्थवर तो उताणा झोपतो, हातपाय सैल सोडून. प्रवासाचा थकवा वगैरे त्याला काही नाही. प्रवासात तो विश्रांती घेतो.

हे ऐकताना मला मधु दंडवते आठवले. सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, राजापूरचे खासदार, आणीबाणीत तुरुंगात गेलेले. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते कोकण रेल्वेमुळे, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी केलेली एक गोष्ट आपण रोज वापरतो आणि तिच्याबद्दल फार कमी बोलतो. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता रद्द झाला होता. दुसऱ्या वर्गातले बर्थ मात्र लाकडी फळ्यांचेच होते. दोन-दोन रात्री माणसं त्या फळ्यांवर काढायची, सोबत सतरंजी असली तर नशीब. १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. पहिला वर्ग खाली खेचायचा नाही, दुसरा वर उचलायचा, अशी त्यांची भूमिका होती. त्याच डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली सुरू झाली ती वर्गविरहित गाडी म्हणून, सगळ्यांना एकच वर्ग. फोमचे बर्थ मिळालेल्या पहिल्या गाड्यांपैकी ही एक.

दोन इंच म्हणजे माझी तीन बोटं आडवी धरली तर जेमतेम तेवढं. मंत्र्याच्या कारकिर्दीत दोन इंच कुठे दिसणार? पण तेव्हापासून आजवर किती कोटी पाठी त्यावर टेकल्या असतील याचा विचार केला की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आई सांगते, लहानपणी त्यांचं कुटुंब नागपूरला जायचं तेव्हा आजी रात्रभर बसून राहायची, कारण फळीवर आडवं झालं की कंबर धरायची. आज आई पासष्टची आहे, तिचे गुडघे गेलेत, आणि तरी खालच्या बर्थवर ती दहाला झोपते ती थेट पहाटे उठते.

दहाला मधले बर्थ उघडतात, सहापर्यंत तसे ठेवायची मुभा. दिवे मालवले जातात, चपला सीटखाली, पिशव्यांना साखळी. मध्यरात्रीनंतर बिलासपूर आणि चांपा यांच्यामध्ये कुठेतरी गाडी ८२.५ अंश पूर्व रेखांश ओलांडते, ज्यावरून आपलं घड्याळ ठरतं ती रेषा. डब्यात कोणालाच पत्ता नसतो. पण सकाळी फरक कळतो. मुंबई आणि हावडा यांच्यात सूर्याच्या हिशोबाने तासाभराचं अंतर आहे, त्यामुळे राउरकेला-चक्रधरपूरकडे डोळे उघडले की वाटतं आपण उशिरा उठलो. घड्याळात नुकते सहा वाजत असतात, आणि डोंबिवलीत अजून अंधार.

टाटानगरनंतर झालमुडीवाले येतात, म्हणजे बंगाली तिखट चुरमुरे विकणारे. मोहरीच्या तेलाचा वास आला की आई म्हणते, आलं ताईचं गाव.

आता बऱ्याच गाड्यांमध्ये स्लीपरचे डबे कमी होऊन एसी थ्री टियरचे वाढतायत. एसी हवंच, ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल जावं. पण स्लीपर कमी करून ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं. कारागिराला मी विचारलं, स्लीपरचं तिकीट मिळालं नाही तर काय करतोस? म्हणाला, जनरलमध्ये. बसायला मिळालं तर बसून, नाहीतर दाराशी उभं राहून. कल्याण ते खरगपूर.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला; दिवाळीनंतरच्या आठवड्यासाठी त्याच सकाळी बसा, दुपारपर्यंत वेटिंग लागतं. आणि ४५ वर्षांवरच्या बाईसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. एकटी असेल किंवा दोघी असतील तर मिळतो, पण तिकीट काढताना तो आपण निवडावा लागतो. कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, आणि मग एखादी काकू रात्री दहाला टीसीला विनवत उभी असते.